उत्तम नायक कसे व्हावे (फक्त महिलांसाठी)

अभिनंदन! तुम्ही चीनच्या युएजू या संगीत नाट्यप्रकारात नायक व्हायचे ठरवले आहे. नायक म्हणजे सडपातळ, सुशिक्षित, हळव्या मनाचा तरुण. तो परीक्षेत पहिला येतो, प्रेमात पडला की आजारी पडतो आणि विरह लांबला तर बहुधा मरतो. या जागेसाठी पात्रतेची अट एकच आहे: उमेदवार स्त्री असावी. मिसरूड फुटत असल्यास अर्ज करू नये. काही पुरुषांनी तरीही अर्ज केले. त्यांचे काय झाले ते पुढे येईलच.

निघण्यापूर्वी पत्ता नीट पाहून घ्या. दक्षिणेत ग्वांगडोंग आणि हाँगकाँगकडे आणखी एक नाट्यप्रकार आहे, त्याचाही उच्चार युएजू असाच होतो. लिपीतले चिन्ह तेवढे वेगळे. चुकून तिकडे गेलात तर झांजांचा कडकडाट आणि जड शिरपेच वाट्याला येतील आणि तुमची हळवी प्रकृती वाया जाईल. तुम्हाला शांघायच्या खाली, झेजियांग प्रांतात, शाओशिंगजवळच्या शेंगशियान नावाच्या डोंगराळ तालुक्यात जायचे आहे. त्याला आता शेंगचौ म्हणतात.

पाठ पहिला: रंगमंच उभारणे

साहित्य: भात झोडायची मोठी लाकडी पिंपे, ४. घरांची दारे, बिजागरीतून निघतील तितकी. लांब अंगरखे आणि घागरे, उसने. बांबूच्या चिपळ्या. एक लहानसा ढोल. शेतकरी, रिकामे असतील ते.

कृती: पिंपे चार कोपऱ्यांवर मांडा, त्यांवर दारे आडवी टाका. वर चढा आणि गा.

ही कृती आमच्या मनची नाही. २७ मार्च १९०६ रोजी शेंगशियानमधल्या डोंगवांग गावात अशाच मंचावर जो खेळ झाला, तो युएजूचा जन्म मानला जातो. त्याआधी या भागातले गोष्टी गाणारे लोक शेतीची कामे सरली की दारोदार फिरत, उंबरठ्यावर उभे राहून चिपळ्यांच्या तालावर कथा सांगत आणि मिळेल ते धान्य-खाणे झोळीत टाकून पुढच्या दारी जात. एकच माणूस नायक, नायिका, सासू आणि न्यायाधीश होई. डोंगवांगमध्ये या मंडळींनी भूमिका वाटून घेतल्या, अंगावर कपडे चढवले आणि उंबरठ्याऐवजी दारावरच उभे राहिले. साथीला वाद्यवृंद नव्हता. ओळ संपली की पडद्यामागची माणसे शब्दांवाचून नुसत्या गळ्याने सूर ओढून तिचा शेवट भरून काढत. बाकी चिपळ्या आणि ढोल यांचा दी-दू, दी-दू आवाज. त्यावरून लोक त्यांना ‘दी-दू मंडळी’ म्हणू लागले.

तुमच्या लक्षात आलेच असेल की ही सगळी मंडळी पुरुष होती. नायिकाही पुरुषच. ही चूक दुरुस्त व्हायला सतरा वर्षे लागली.

मधल्या काळात, १९१७ मध्ये, एक मंडळी मोठ्या हिमतीने शांघायला जाऊन आली. बंदरातल्या बड्या नाट्यगृहांत पेकिंग ऑपेराचे कसलेले नट पाहिलेल्या प्रेक्षकाला चिपळ्यांवरचे खेडवळ गाणे रुचले नाही आणि मंडळी गावी परतली. पण शेतकऱ्याला एक हंगाम बुडाल्याचे फार वाटत नाही. पुढच्या मंडळ्या पुन्हा गेल्या, तंतुवाद्ये घेऊन गेल्या, आणि हळूहळू टिकल्या.

पाठ दुसरा: पुरुष हटवणे

हे काम सुधारकांनी केले असे वाटत असेल तर तो समज आत्ताच सोडा. हे काम एका नाट्यव्यावसायिकाने केले. वांग जिनश्वेइ हा मूळचा शेंगशियानचा, धंदा शांघायमध्ये. निव्वळ मुलींच्या नाटक मंडळ्यांना शहरात गर्दी होते हे त्याने पाहिले होते. १९२३ मध्ये त्याने आपल्या मुलखातल्या शिजियाआओ गावात जिन रोंगश्वेइ नावाच्या जुन्या नटाला मास्तर नेमले आणि गरीब घरच्या लहान मुली शिकायला घेतल्या. नाटकात पोरगी पाठवणे म्हणजे घराण्याच्या नावाला काळे फासणे, हा समज तिथेही होताच. पण घरात खाणारी तोंडे जास्त आणि तांदूळ कमी असला की समज मवाळ होतात. मुलींनी करारावर अंगठे उठवले, छड्या खाल्ल्या, पाय ताणले आणि पुढल्याच वर्षी शांघाय गाठले.

खरी भरभराट मात्र युद्धाने आणली. १९३७ नंतर जपानी सैन्यापुढे झेजियांगमधली माणसे पळत सुटली आणि शांघायच्या परकीय वसाहतींत आश्रयाला आली. गाव सुटलेल्या माणसाला गावची बोली तिकीट काढून ऐकावीशी वाटते. त्यातही नवा प्रेक्षक होता तो बायकांचा: कापडगिरण्यांतल्या कामगार मुली, घरकामाच्या बाया, दुकानदारांच्या बायका, श्रीमंत घरच्या विधवा. यांतल्या पुष्कळ जणींच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचा पैसा आला होता, आणि त्या पैशाने त्यांना काय पाहायचे होते ते त्यांना नेमके ठाऊक होते. १९४१ च्या सुमारास शहरात तीसहून अधिक मंडळ्या खेळ करत होत्या, जवळपास सगळ्या मुलींच्या. पुरुषांच्या मंडळ्या कोणी हुसकावल्या नाहीत. त्यांची तिकिटे खपेनाशी झाली, एवढेच.

पाठ तिसरा: पुरुष होणे

आता मुख्य अभ्यासक्रम. पहिला नियम: घरातल्या पुरुषांचे निरीक्षण करू नका. नवशिक्या विद्यार्थिनी इथेच फसतात. वडील कसे बसतात, भाऊ कसा जांभई देतो, याच्या नोंदी वहीत भरून त्या मास्तरांकडे जातात आणि मार खातात. तुम्हाला पुरुषाची नक्कल करायची नाही. तिकीट काढून बसलेल्या बाईला जो पुरुष आयुष्यात भेटला नाही, तो तयार करायचा आहे. तो ओरडत नाही. तो बोलणे पुरे होईपर्यंत ऐकतो. तिच्या आजारपणात तो उशाशी बसतो आणि तिच्या कवितेतले यमक त्याच्या लक्षात राहते. आपल्याकडे बालगंधर्वांकडे पाहून घरंदाज बायका लुगड्याची आणि गजऱ्याची रीत शिकल्या असे सांगतात. शांघायमध्ये तोच न्याय उलटा लागू झाला असता, तर किती बरे झाले असते. पण नवरे नाटकाला येत नसत.

पायांपासून सुरुवात करा. जाड पांढऱ्या तळव्यांचे उंच बूट घाला. यांनी उंची वाढते आणि पाऊल आपोआप मोजके पडते. घाई असलेला नायक या बुटांत पालथा पडतो, म्हणून नायकाला घाई नसते. पाठ ताठ, पण सैनिकासारखी नव्हे. मान किंचित कललेली. हातात घडीचा पंखा. तो उकाड्यासाठी नसतो. मिटलेल्या पंख्याने दिशा दाखवता येते, विचार करता येतो, लाजता येते. उघडलेल्या पंख्याआडून बघता येते. पंखा हातातून पडला, तर नायक हरला.

मग बाह्या. अंगरख्याच्या बाहीला पुढे पांढऱ्या रेशमाचा लांब पदर जोडलेला असतो. त्याला पाण्याच्या बाह्या म्हणतात, कारण त्या पाण्यासारख्या वाहायला हव्यात. राग आला की झटका. निरोप घेताना हळू सोडा. रडू आले की एका बाहीने डोळे टिपा आणि दुसरीने जग दूर सारा. दोन्ही बाह्या एकदम वर गेल्या तर प्रेक्षकाने समजावे की कोणीतरी मेले आहे. घरी सराव करताना टेबलावरच्या वस्तू आधी उचलून ठेवाव्यात.

कपड्यांच्या बाबतीत तुम्ही सुदैवी आहात. पेकिंग ऑपेराचे कपडे जड साटीनचे, भडक रंगांचे, भरतकामाने ताठरलेले. युएजूने १९४० च्या दशकात मऊ, मंद झळाळीचे रेशीम निवडले आणि रंग फिके घेतले: पिस्ता, निळसर राखाडी, फिकट गुलाबी. चेहऱ्यावरचा जाड रंगही उतरवला आणि सिनेमातल्यासारखी हलकी रंगभूषा आणली. यामुळे एक गैरसोय झाली. रंगाखाली चेहरा दिसू लागला, त्यामुळे चेहऱ्याने अभिनय करणे भाग पडले.

लढाई येत नसली तरी चालेल. कोलांट्या, भाले फेकणे, हवेत गिरक्या ही खाती इतर नाट्यप्रकारांकडे आहेत. इथे तलवार निघाली तरी ती बहुतेक वेळा आठवण म्हणून परत केली जाते.

आवाज नैसर्गिक ठेवा. पेकिंग ऑपेरातला तरुण नायक खोट्या आणि खऱ्या आवाजांत उड्या मारत गातो. तुम्ही तुमच्याच गळ्याने गायचे आहे, थोडे खालच्या, भरीव स्वरात. बाईचा आवाज बाईचाच वाटला म्हणून कोणी पैसे परत मागत नाही.

या सगळ्याची शिस्त लावणारी बाई म्हणजे युआन शुएफन. १९२२ चा जन्म, शेंगशियानच्याच एका खेड्यातल्या मास्तरांची मुलगी, अकराव्या वर्षी मंडळीत दाखल. ती मोठी झाली तेव्हा नाटकांना संहिताच नसत. पडद्यामागे प्रसंगांची यादी टांगलेली असे. ती बघायची, मंचावर जायचे आणि पाठ असलेल्या ठराविक ओळी पेरत वेळ मारून न्यायची. १९४२ मध्ये तिने स्वतःच्या पगारातला मोठा हिस्सा मोडून लेखक आणि दिग्दर्शक नेमले, लिहिलेली संहिता आणली, नेपथ्य आणि प्रकाशयोजना आणली. युएजू दोन दायांच्या दुधावर वाढली असे ती म्हणत असे. एक दाई आधुनिक गद्य नाटक, तिच्याकडून खरेपणा आला. दुसरी कुनछू हे जुने संगीत नाट्य, तिच्याकडून हाताची, कमरेची, बाहीची लय आली. तुम्ही वीस वर्षांच्या वयात पगार मोडून लेखक नेमाल काय, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. मनात मात्र ठेवावा.

पाठ चौथा: न ओळखणे

हा सर्वात अवघड पाठ आहे. नाटक: ‘ल्यांग शानबो आणि चू यिंगताय’. चू यिंगताय ही शिकायची हौस असलेली मुलगी. मुलींना शाळा बंद, म्हणून ती पुरुषाचा वेश करून निघते. वाटेत ल्यांग शानबो भेटतो. दोघे मानलेले भाऊ होतात आणि तीन वर्षे एका शाळेत शिकतात. त्याला काहीही कळत नाही.

तुम्ही ल्यांग शानबो आहात. म्हणजे तुम्ही बाई आहात, पुरुषाची भूमिका करता आहात, आणि समोर पुरुषाचा वेश केलेल्या बाईची भूमिका करणारी बाई उभी आहे, ती बाई आहे हे तुम्हाला मुळीच समजायचे नाही. पुन्हा वाचा. आता समोरच्या खुर्च्यांकडे बघा. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळले आहे. फक्त तुम्हाला नाही.

घरून बोलावणे येते आणि ती परत निघते. तो तिला अठरा लीपर्यंत पोचवायला जातो. ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. सगळी वाट ती सूचना देत असते. जोडीने पोहणारी बदके दाखवते. विहिरीत वाकून दोघांची प्रतिबिंबे दाखवते, एक पुरुष, एक स्त्री. त्याला वाटते भाऊ आपली थट्टा करतो आहे आणि तो चिडतो. ती त्याला ठोंब्या हंस म्हणते, मग तो आणखी चिडतो. शेवटी हताश होऊन ती सांगते की घरी माझ्यासारखीच दिसणारी एक धाकटी बहीण आहे, तिला मागणी घाल. तो मनापासून आभार मानतो.

इथे नवशिक्या नायकांकडून एक मोठा प्रमाद घडतो: नायक मूर्ख दाखवला जातो. असे करू नये. ल्यांग शानबो मूर्ख नाही, तो सरळ आहे. मित्राला मित्र मानले की त्याच्या बोलण्यात दुसरा अर्थ शोधायचा नसतो, असे त्याला वाटते. प्रेक्षक हसले पाहिजेत आणि त्याच क्षणी त्यांना तो आवडलाही पाहिजे. फान रुइजुआन हिला हे साधले होते. खणखणीत, रुंद आवाज, बसकी चाल, डोळ्यांत कपटाचा लवलेश नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मुलीचे लग्न दुसरीकडे ठरलेले असते. मग सज्जावरची भेट, मग खंगणे, मग मृत्यू. तिची वरात त्याच्या थडग्यापाशी थांबते, वीज कडाडते, थडगे उघडते, ती आत शिरते आणि दोन फुलपाखरे बाहेर येतात. फुलपाखरांचा भाग तुम्हाला शिकवायची गरज नाही. तोपर्यंत सभागृहात कोणाला काही दिसत नसते.

या नाटकाचा चित्रपट १९५३ मध्ये शांघायला तयार झाला, नव्या चीनचा पहिला रंगीत संगीतनाट्यपट. फान रुइजुआन ल्यांग, युआन शुएफन चू. पुढल्या वर्षी जिनिव्हा परिषदेत चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी तो परदेशी पत्रकारांना दाखवायचे ठरवले. त्यांच्या एका सहायकाने गोष्ट समजावून सांगणारे दहा-पंधरा पानी इंग्रजी टिपण तयार केले. परदेशी माणसांना हा चित्रपट दाखवणे म्हणजे गाढवापुढे गीता वाचण्यासारखेच आहे, अशा अर्थाची त्याची तक्रार होती. (चिनी म्हणीत गाढवाच्या जागी बैल आहे आणि गीतेच्या जागी वाद्य.) चौ म्हणाले की वाजवणारा कसे वाजवतो त्यावर ते अवलंबून आहे. टिपण बाजूला ठेवायला लावले आणि निमंत्रणावर एकच ओळ छापायला सांगितली: चीनचे रोमिओ आणि ज्युलिएट. पत्रकार आले आणि शेवटपर्यंत बसले. तुमच्या नातेवाईकांना नाटकाला नेताना दहा पाने टिपण देण्याचा मोह झाला तर हे आठवावे.

याच नाटकाच्या चालींवरून चेन गांग आणि ह चानहाओ या दोन विद्यार्थ्यांनी १९५९ मध्ये व्हायोलिन कॉन्चेर्तो रचला. तुम्ही तो कुठल्यातरी हॉटेलच्या उद्वाहनात बहुधा ऐकलाही असेल.

पाठ पाचवा: रडणे, सुरात

जुन्या युएजूची मुख्य चाल हलकी, झटपट, पोटभर जेवलेल्या माणसाची होती. तिच्यात विनोद होतो, छेडछाड होते, पण मरता येत नाही. १९४३ मध्ये ‘श्यांगफेइ’ या नाटकात युआन शुएफन पतीच्या मृत्यूचा प्रसंग करताना भावनेच्या भरात नेहमीची चाल सोडून गेली. चौ बाओत्साय हा साथीला दोन तारांचा हू वाजवत होता. त्याने तिच्या मागे मागे जात आपल्या तारांची जुळणी बदलली. त्यातून ‘छ्र-त्याओ’ ही संथ, खोल, वळणावळणाची चाल पुढे आली आणि बघता बघता युएजूची पायाभूत चाल बनली. दोन वर्षांनी त्याच वादकाबरोबर फान रुइजुआनने नायकाच्या मरणासाठी आणखी एक खालची, जड चाल घडवली. यावरून धडा असा की साथीदाराशी भांडू नये. तुम्ही रडत भलतीकडे निघालात तर तुम्हाला गाठणारा माणूस तोच.

आता घराणे निवडा. युएजूत तेरा घराणी मानतात आणि प्रत्येक घराणे एका बाईच्या नावाने चालते, बाईच्या गळ्याच्या आकारावर. यिन ग्वेइफांगचे घराणे मऊ, जवळून बोलल्यासारखे, ओळीच्या शेवटी हलकेच खाली उतरणारे. शू युलानचे उंच आणि तडफदार; ‘लाल महालाचे स्वप्न’ या नाटकात तिने चाळिशीकडे झुकताना किशोरवयीन जिया बाओयू रंगवला, वांग वनजुआन तिची नायिका दायू. बी छुनफांगचे स्वच्छ, हसरे. चाहत्यांना विचारू नका कोणते घराणे श्रेष्ठ. सकाळी विचारलेत तर दुपारचे जेवण चुकेल.

पाठ सहावा: चाहत्या सांभाळणे

इथपर्यंत तुम्ही उत्तम नायक झाला असाल. आता तुमच्या मागे बायका लागतील. १९४० च्या दशकातल्या शांघायमध्ये श्रीमंत स्त्रिया आवडत्या नटीला मानलेली मुलगी करून घेत. मग मानलेली आई दागिने करते, कपडे शिवते, आणि रात्री जेवायला बोलावते, जिथे मानलेल्या बापाचे मित्रही बसलेले असतात. युआन शुएफनने यावर साधा तोडगा काढला. तिने मांस-मासे सोडले. शाकाहारी माणसाला मेजवानीला कोण बोलावणार? खासगी बैठकीत गाणे नाही, मानलेली आई नाही, हे नियमही तिने पाळले.

या पाठातला पुढचा भाग हसत शिकवता येत नाही. १९४६ मध्ये तिने लू शुन या लेखकाच्या कथेवरून ‘श्यांगलिनवहिनी’ हे नाटक केले. दोनदा विधवा झालेल्या, मोलमजुरी करून शेवटी रस्त्यावर मेलेल्या बाईचे. सुंदर कपडे नाहीत, विद्वान नायक नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ती रिक्षातून जात असताना गुंडांनी तिच्या अंगावर विष्ठेने भरलेले पुडके फेकले. पुढच्या उन्हाळ्यात तिने आणि आणखी नऊ आघाडीच्या अभिनेत्रींनी एकत्र करार केला, स्वतःचे नाट्यगृह आणि शाळा उभारण्यासाठी निधी जमवायचा म्हणून ‘पर्वत-नद्यांचे प्रेम’ हा खेळ केला. शहर लोटले. नाट्यगृह मात्र उभे राहिले नाही. त्या दहा जणींतली श्याओ दानग्वेइ ही दोनच महिन्यांनी, वर्तमानपत्रांतली बदनामी आणि खासगी जाच सोसवेना म्हणून, विष घेऊन मेली. तिचे वय सत्तावीस होते. मंचावर आदर्श पुरुष तयार करणाऱ्या बाईला मंचाखाली कसले पुरुष भेटत, याचा हा हिशेब आहे आणि तो कुठल्याही घराण्याच्या गाण्यात बसत नाही.

पाठ सातवा: पुरुष उमेदवारांसाठी

तुम्ही अजून वाचता आहात? बरे. १९५० च्या दशकात सरकारला वाटले की नव्या समाजात बायकांनी पुरुषांची सोंगे का घ्यावीत. युआन शुएफननेही स्त्री-पुरुष एकत्र खेळण्याला मनापासून पाठिंबा दिला. अडचण गळ्यात आली. नायक-नायिका इतकी वर्षे एकाच पट्टीत गात आलेल्या. तीच पट्टी पुरुषाला दिली की तो किंचाळतो आणि खाली उतरवली की नायिका कुजबुजते. संगीतकारांनी चाली वळवून, सूर वरखाली करून तोडगे काढले. खेळ झाले, चांगले झाले. तिकीट खिडकीवर बायकांची रांग मात्र बायकांच्या खेळाकडेच वळली.

पुरुषांतला सर्वांत लाडका म्हणजे चाओ चिगांग, त्याला ‘युएजूचा राजपुत्र’ म्हणतात. त्याने यिन ग्वेइफांगचे शिष्यत्व घेतले. म्हणजे पुरुषाने बाईकडून शिकले की बाईने रंगवलेला पुरुष कसा गातो. हा मार्ग लांबचा आहे, पण तुम्हाला दुसरा नाही.

यिनबद्दल थोडे. तिने १९५९ मध्ये आपली मंडळी शांघायहून फूचौला नेली. सांस्कृतिक क्रांतीत युएजूला ऱ्हासाचे गाणे ठरवून बंद केले आणि तिचे इतके हाल झाले की अर्धे अंग लुळे पडले. १९७९ मध्ये ती पुन्हा शांघायच्या मंचावर आली आणि तशीच गायली. पंखा एका हातानेही चालतो.

पाठ आठवा: आजकाल

हांगचौमध्ये १९८४ पासून श्याओबायहुआ ही सगळ्या मुलींची मंडळी आहे. माओ वेइताओने तिथे नायकाचे काम पुष्कळ वर्षे केले आणि त्याला अंधारी, विचारी धार दिली. २०२३ मध्ये हांगचौतच ‘नवी ड्रॅगन सराई’ हे नाटक आले. प्रेक्षक सराईतच टेबलाशी बसतात, पात्रे त्यांच्या खुर्च्यांमधून फिरतात. चेन लिजुन ही पुरुषवेशात नायिकेला उचलून गिरकी घेते, तेवढी चित्रफीत फोनवरून देशभर फिरली आणि ज्या मुलींनी आयुष्यात ऑपेरा पाहिला नव्हता त्या तिकिटासाठी रात्र जागू लागल्या. चेन लिजुन मूळची शेंगचौची. मुलींनी तिच्यासाठी आणलेली पत्रे आणि फुले पाहता ग्राहकाची मागणी फारशी बदललेली दिसत नाही.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा: नायक अंथरुणाला खिळला, कारण त्याला ____ झाले. (हिवताप / प्रेम)

२. कारणे द्या: ल्यांग शानबोला विहिरीत दोन प्रतिबिंबे दिसली, तरी कळले नाही. (उत्तरात ‘मूर्ख’ हा शब्द आल्यास गुण कापले जातील.)

३. योग्य पर्याय निवडा: सहकलाकार पुरुष आहे आणि तुमच्या पट्टीत गातो आहे. तुम्ही (अ) पट्टी उतरवाल, (आ) त्याला पाणी द्याल, (इ) चौ बाओत्सायसारखा वादक शोधाल.

४. प्रात्यक्षिक: शेवटचा अंक चालू आहे. शेजारच्या खुर्चीवर घोरत असलेला नवरा जागा होऊन विचारतो, ‘हा बाई आहे का पुरुष?’ उत्तर न देता त्याच्या खिशातला रुमाल काढून घ्या आणि रडणे चालू ठेवा. (गुण २०)